पोरगं वाढेना म्हणून घाबरण्याआधी भिंतीवर एक रेघ मारा

प्रार्थनेला पोरं उंचीप्रमाणं उभी करायची पद्धत आमच्या शाळेत अजून आहे, बुटकी पुढं, उंच मागं. माझं लेकरू सातवी, आठवी, नववी अशी तीन वर्षं त्या रांगेत सगळ्यात पुढं होतं आणि मी तिथंच शिकवत असल्यामुळं रोज सकाळी ते मला समोर दिसायचं. पोरं काय नावं ठेवायची ते बी कानावर यायचं. घरी आल्यावर तो काही बोलायचा नाही, पण कबड्डी सोडली, लग्नात फोटो काढायची वेळ आली की मागं सरकायला लागला, आणि एक दिवस त्याच्या बुटात मला पुठ्ठे सापडले, पायाच्या मापाचे कापून एकावर एक तीन चिकटवलेले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या काळात आम्ही काय चुका केल्या आणि नंतर काय शिकलो ते सगळं एका जागी लिहायलेय, कारण पालक सभेला आता हा प्रश्न मार्कांच्या बी आधी येतो. "मॅडम, आमचं पोरगं वाढेना हो, काही टॉनिक असलं तर सांगा."

टॉनिकचं पुढं बघू. आधी घरात एक भिंत शोधा.

भिंत अशी पाहिजे की खाली फरशीची पट्टी पुढं आलेली नको, आली असली तर दाराची चौकट वापरा. पाय उघडे. टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला टेकलेली, गुडघे सरळ, नजर समोर, हनुवटी वर उचललेली नको आणि खाली पाडलेली बी नको. आपण काय करतो, डोक्यावर नुसती पट्टी ठेवतो, ती तिरकी होती आणि दीड-दोन सेंटीमीटरचा घोळ होतो. गवंड्याचा नाहीतर सुताराचा गुण्या (काटकोनी पट्टी) मिळाला तर बेस्ट, नसंल तर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, त्याची एक कड भिंतीला चिकटवून हळूहळू खाली आणा, केस दबून डोक्याला टेकलं की थांबा, पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मोजायला पत्र्याची टेप घ्या, शिंप्याची टेप वापरून वापरून ताणलेली असती. आणि वेळ दरवेळी एकच ठेवा, कारण सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच भरतो. दिवसभरात मणक्यांच्या मधल्या गाद्या दबत्यात, रात्री झोपल्यावर परत फुगत्यात. लटकून व्यायाम केल्यावर लगेच मोजलं की उंची वाढल्यासारखी दिसती ती बी ह्याच्यामुळंच, संध्याकाळपतुर ती परत गेलेली असती.

तीन महिन्याला एक रेघ बस झाली. मी आधी दर रविवारी मोजायची. त्यानं काहीच कळत नाही, अर्धा सेंटीमीटर तर मोजण्यातच इकडंतिकडं होतं, आणि लेकराला दर रविवारी नापास झाल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

आता म्हणाल आम्ही आजपासून रेघ मारली तर कळायला वर्ष जाईल. तर जुनी प्रगती पुस्तकं काढा. पहिलीपासूनच्या प्रगती पुस्तकात उंची आणि वजनाचा रकाना असतो, त्याकडं कोणी बघत नाही. एखाद्या वर्षीचा आकडा चुकलेला असू शकतो, घाईत लिहिलेला असतो, पण चार-पाच वर्षांचे आकडे ओळीनं एका कागदावर लिहिले की चित्र दिसायला लागतं. अंगणवाडीचं कार्ड असंल तर ते बी जोडा.

हे सगळं कशासाठी तर उंची किती आहे ह्यापेक्षा ती कोणत्या वेगानं वाढायली हे महत्त्वाचं. शेजारच्या पोराशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. स्वतःच्याच मागच्या रेघेशी तुलना करायची. चार-पाच वर्षांच्या पुढं ते वयात येईपर्यंत लेकरू वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. वयात येण्याच्या अगदी तोंडावर वेग जरासा मंद होतो, ४-५ वर येतो, आणि नेमकं तेव्हाच आई-बापाला वाटतं की संपलं, खुंटलं. त्यानंतर झेप येती. झेपेच्या ऐन वर्षात पोरगं साधारण ९-१० सेंटीमीटर वाढतं, कोणी ७, कोणी १२. ही झेप पोरांमध्ये सरासरी तेराव्या-चौदाव्या वर्षी येती आणि पोरींमध्ये त्याच्या दोन वर्षं आधी. म्हणून सहावी-सातवीत पोरी उंच आणि पोरं त्यांच्या खांद्याला, हे सगळ्या वर्गात असतं. आते-मामे भावंडांत पोरगी उंच झाली की घरात जे टोमणे चालू होतात ते बंद करा, त्या पोरीला बी आणि ह्या पोराला बी.

झेप केव्हा येणार हे ओळखायचं कसं? इथं सगळे मिशीकडं बघतात आणि इथंच फसतात. पोरगं वयात यायला लागल्याची पहिली खूण मिशी नाही. पहिली खूण म्हणजे वृषण, आपण ज्याला गोट्या म्हणतो, त्या मोठ्या व्हायला लागतात. हे ९ ते १४ ह्या वयात कधी बी सुरू होऊ शकतं, बऱ्याच पोरांचं साडेअकरा-बाराच्या आसपास. मग केस येतात, लिंग वाढतं, घाम आणि वास वाढतो, आणि ह्या सगळ्याच्या मध्यावर, म्हणजे सुरुवातीपासून दीड-दोन वर्षांनी, उंचीची झेप येती. आवाज त्याच सुमारास फुटतो. ओठावरची काळी रेघ त्याच्यानंतर, आणि दाढी भरायला लागली म्हणजे झेपेचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. एक घरगुती खूण सांगते, पाय आधी वाढतात. हात-पायाचे पंजे पहिले, मग तंगड्या, मग धड. एका वर्षात दोनदा चप्पल लहान झाली असंल तर पँटी शिवताना खाली शिलाईत कापड जास्त ठेवा.

एक उदाहरण सांगते म्हणजे नीट कळंल. समजा नववीच्या वर्गात एका बाकावर दोन पोरं आहेत, दोघं चौदा वर्षांचे आणि दोघांची उंची १५० सेंटीमीटर. एकाचा आवाज फुटलेला, मिशी आलेली. दुसरा अजून लेकरासारखा, आवाज बारीक. आपल्याकडं लोक दुसऱ्याची काळजी करतात, "हे अजून बाळच आहे". पहिल्याच्या घरचे मात्र निवांत असतात की हे मर्दासारखं झालंय, आता वाढंलच. खरं तर दुसऱ्याच्या हाडात अजून बरीच जागा शिल्लक असती आणि पहिल्याची झेप बहुतेक होत आलेली असती. पोरगं वयात येऊन त्याची वाढ पूर्ण होईपर्यंत सगळी मिळून २५ ते ३० सेंटीमीटर उंची भरती, ती कोणाची चालू व्हायचीय आणि कोणाची संपत आली हे नुसत्या उंचीवरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर डाव्या हाताच्या पंज्याचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यावरून हाडाचं वय निघतं. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असती, ती उघडी आहे तोवर उंची वाढती, पोरांमध्ये ती साधारण सोळा ते अठराच्या दरम्यान जुळून येती, जुळली की मग कुठलंही औषध उंची वाढवू शकत नाही.

माझं पोरगं बाकावरच्या त्या दुसऱ्या पोरासारखं होतं. चौदाव्या वर्षी १४६ सेंटीमीटर, आणि एक्स-रेत हाडाचं वय बाराचं निघालं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्याच्या बापाला विचारला, "तुम्ही कधी वाढलात?" ह्यांना काही आठवेना. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं माय, ह्यो बी दहावीपतुर असाच होता की, बारावीला पँट गुडघ्यावर आली तवा कळालं वाढायलाय म्हणून." म्हणजे आमच्या घरात उत्तर बसलेलं होतं आणि मी गावभर विचारत फिरत होते. उशिरा वाढण्याची ही रीत घराण्यात चालती, बापाची, मामाची, आईला पाळी उशिरा आली असंल तर तिची बी. म्हणून पहिलं काम म्हणजे आज्जीजवळ बसा आणि विचारा. माझ्या लेकरानं पंधरा ते सोळा ह्या एका वर्षात ९ सेंटीमीटर घेतले, सतराव्याला १६६ वर होता आणि अजून रेघ थोडी थोडी वर चाललीय.

आता किती वाढणार ह्याचा अंदाज. बापाची उंची अधिक आईची उंची, त्यात १३ मिळवा आणि दोननं भागा. आमचं बघा, हे १६९, मी १५४, झाले ३२३, अधिक १३ म्हणजे ३३६, भागिले दोन म्हणजे १६८. ह्याच्या वर-खाली आठ-साडेआठ सेंटीमीटर धरायचं, म्हणजे साधारण १६० ते १७६ च्या मधी कुठंतरी. पण उंची खरी मोजून घ्या, लग्नाच्या बायोडाट्यातली घेऊ नका. आई १४८ आणि बाप १६० असतील तर हिशोब १६०-१६१ येतो, आणि तिथं पोरगं १६० झालं तर ते अगदी बरोबर वाढलंय, त्यात त्याचा बी दोष नाही आणि तुमचा बी नाही. पोराला हे गणित स्वतः करू द्या. माझ्या लेकरानं वहीत केलं तेव्हा पहिल्यांदा तो ह्या विषयावर माझ्याशी नीट बोलला.

आमच्या भागात उंचीचा विषय निघाला की पोलीस भरतीचा विषय येतोच. बीड, जालना, परभणी, हिंगोली, पहाटे पाचला कुठल्या बी रस्त्यावर बघा, पोरं पळताना दिसतात. पुरुष शिपायाला १६५ सेंटीमीटर उंची लागती, म्हणजे पाच फूट पाच इंच. माझा भाचा एकोणीस वर्षांचा, दोन वर्षं मैदान मारलं, गोळाफेक, १६०० मीटर सगळं बसवलं आणि उंचीत १६३ भरला. मग माझ्याकडं आला, "आत्या, काही औषध आहे का?" एक्स-रे काढला तर हाडं जुळलेली. त्याला सांगताना माझी जीभ उचलेना. त्याची उंची कदाचित तेवढीच होणार होती, पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी कोणी हिशोब करून दाखवला असता तर दोन वर्षं त्यानं दुसऱ्या तयारीत घातली असती. म्हणून भरतीचं स्वप्न असणाऱ्या पोराच्या घरी तरी भिंतीवरची रेघ आठवीतच सुरू करा.

खाण्याचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे आकडे दिलेत त्यात १३ ते १५ वयाच्या पोराला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १६ ते १८ ला प्रथिनं ५५ च्या वर जातात. आता आपल्या घरातलं पोरगं दिवसभर काय खातं ते खरं खरं लिहा. सकाळी चहा आणि खारी किंवा टोस्ट. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळती, नववीपासून शालेय पोषण आहार बंद, आणि नेमकं नववी म्हणजे भूक वाढायचं वय. मग दुपारी वडापाव नाहीतर कुरकुरे, आणि एकदम रात्री जेवण. मी माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं होतं सकाळी काय खाऊन आलात, अर्ध्यांच्या वर चहावर आलेली होती. लेकराची झेप अशा पोटावर येती.

ह्यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, पातळ पाणी नाही. एक कप दूध साधारण २०० मिली धरलं तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि अडीचशेच्या आसपास कॅल्शियम देतं, दिवसाला दोन कप आणि वाटीभर दही झालं की कॅल्शियमचं बरंच काम होतं. दूध परवडत नसंल किंवा पचत नसंल तर तिळाची चटणी, दोन मोठे चमचे तिळात दीड-दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कारळ, जवस, शेंगदाणा ह्या चटण्या आपल्याकडं घरोघरी आहेत, फक्त पोरं ताटाच्या कडेला सोडतात, तर त्या दह्यात कालवून द्या. अंड्यात सहा ग्रॅम, रोज दोन दिली तरी चालतात. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, फुटाणे, गूळ-शेंगदाणे दप्तरात. आणि सोयाबीन! आपण पोत्यानं पिकवतो आणि सगळं आडतीवर घालून येतो, घरात एक शेर ठेवत नाही. चांगलं भाजून, गव्हाच्या पिठात दळताना दहा किलोला एक किलो टाका, धपाट्यात तर कळत बी नाही. कच्चं दळू नका, भाजल्याशिवाय सोयाबीन पचत नाही. येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) भज्जीत आपल्या आज्ज्यांनी सगळ्या शेंगा आणि दाणे एकत्र करून ठेवलेत, ती वर्षातून एकदाच कशाला, महिन्यातून दोनदा करा. चहा जेवणासोबत नको, लोह अंगाला लागू देत नाही.

एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून लिहावीच लागंल. ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात ती पोरं दिवाळीनंतर आज्जीजवळ राहतात नाहीतर सोबत फडात जातात, आणि मार्चमध्ये वजन करताना आकडा खाली आलेला असतो. वजन उतरलं की उंची मागं पडती, हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात ते उगं नाही. अशा घरी पोराला शाळेत मिळणारं जे आहे ते चुकू देऊ नका. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळती, एकोणीस वर्षांपर्यंत सगळ्यांना. लोहाची निळी गोळी दर आठवड्याला असती, ती पोरांना बी असती, फक्त पोरींना नाही, आणि ती जेवल्यावर घ्यायची, नाहीतर मळमळतं आणि पोरं खिडकीतून फेकतात.

आता पावडर. मी तीन डबे आणले, एका दुकानदारानं खात्रीनं सांगितलं म्हणून. पोरगं सकाळ-संध्याकाळ ग्लासभर गोड दूध पिऊन पोट भरून घ्यायचं आणि भाकरी सोडायचं. डब्यात मुख्य काय तर साखर आणि थोडी जीवनसत्त्वं. उंची वाढवण्याची गोळी, चूर्ण, तेल, मशीन, इन्सोल, अशा जाहिराती मोबाईलवर दिवसभर येतात आणि भिंतीवर बी रंगवलेल्या असतात, पण १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज नावाचा कायदा आहे आणि ज्या गोष्टींवर औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्या यादीत माणसाची उंची स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे जो माणूस औषधानं उंची वाढवतो म्हणून जाहिरात करायला त्याची जाहिरातच बेकायदेशीर. सगळ्यात धोका लेबल नसलेल्या पुडीचा. तसल्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. जिममध्ये अंग भरायला म्हणून जे इंजेक्शन देतात ते बी स्टेरॉइडच, पुरुषी हार्मोनच्या जातीचं. पोराच्या अंगात बाहेरून पुरुषी हार्मोन गेलं की सुरुवातीला तो भराभर वाढल्यासारखा दिसतो, आणि कूर्चा वेळेआधी जुळून जाती. शेवटी होता त्यापेक्षा कमी उंचीवर थांबतो.

साधा जिम, वजन उचलणं ह्यानं उंची खुंटती हे मात्र खरं नाही, शिकवणारा नीट असंल आणि वजन झेपंल तेवढं असंल तर. लटकणं, दोरीउड्या, पोहणं, बास्केटबॉल सगळं चांगलं, भूक लागती, झोप लागती, पोरगं ताठ उभं राहतं. पण त्यानं कोणी उंच होत नाही.

झोपेबद्दल लोक हसण्यावारी नेतात. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत सगळ्यात जास्त सुटतं, आणि ह्या वयाला आठ ते दहा तास झोप लागती. दहावी झाली की आपण लेकराला लातूरला नाहीतर नांदेडला नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) क्लासला टाकतो, पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, एका खोलीत चारजण, मेसचं जेवण, रात्री एकपर्यंत अभ्यास, सकाळी सहाला पुन्हा उठायचं. उशिरा वाढणाऱ्या पोराची झेप नेमकी ह्याच दोन वर्षांत असती. मी अभ्यास कमी करा म्हणत नाही. मेस बघताना वरण कसं आहे, अंडी-दूध-दही मिळतं का हे विचारा, नसंल तर डब्बा लावा, खोलीत फुटाणे आणि शेंगदाण्याचा लाडू असू द्या, आणि रात्री अकराला फोन करून अभ्यास किती झाला असं न विचारता झोप म्हणा.

अंगात होणाऱ्या बदलांचं बोलणं बापानं करायचंय. आमच्या घरी हे जमायला वर्ष लागलं. मोटरसायकलवर शेताकडं जाताना बोला, समोरासमोर बघावं लागत नाही म्हणून सोपं जातं. तीन गोष्टी त्याला कानावर घालायच्या. एक, झोपेत चड्डी ओली होणं हा आजार नाही, त्यानं कमजोरी येत नाही आणि उंची खुंटत नाही. हस्तमैथुनानं बी खुंटत नाही. ह्या एका भीतीपायी किती पोरं एसटी स्टँडवरच्या गुप्तरोगवाल्या बोर्डाकडं जातात आणि पैसे घालवतात. दोन, निम्म्या पोरांना ह्या वयात छातीत एका किंवा दोन्ही बाजूला गाठ येती, दाबलं तर दुखती, ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाती. तीन, आवाज फाटतोय, पिंपल्स आलेत, चिडचिड होतीय, हे सगळ्यांचं असतं. आणि नातेवाइकांसमोर "आमचं बुटकं" हा शब्द घरातून बंद. काका लोकांना बाजूला घेऊन सांगा, मी सांगितलं होतं, थोडा राग आला त्यांना, पण थांबले.

डॉक्टरकडं कधी जायचं? वयात यायच्या आधी वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असंल. चौदा पूर्ण झाली आणि वृषण मोठे व्हायची सुरुवातच नाही. भिंतीवरच्या रेघा वर्षभर जागच्या जागी. आई-बापाच्या हिशोबापेक्षा फारच खाली चाललंय. उंचीसोबत वजन बी पडतंय, वरचेवर जुलाब, पोट फुगणं, फिकटपणा, सुस्ती, खूप डोकं दुखणं, नजर कमी. नववा वाढदिवस व्हायच्या आधीच केस आले आणि पोरगं भराभर उंच व्हायला लागलं असंल तर थांबूच नका, तिथं लोक खुश होतात, "बघा कसं थोराड झालंय", पण इतक्या लवकर वयात येण्यामागं पोरांमध्ये बऱ्याचदा काहीतरी कारण असतं, आणि लवकर सुरू झालेली वाढ लवकर थांबती.

पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञच गाठा. संभाजीनगरची घाटी (सरकारी दवाखाना), अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, लातूर आणि नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज, सगळीकडं बालरोग विभाग आहे. शाळेत तपासणीला येणारं पथक बी पुढं पाठवायची चिठ्ठी देतं, अठरा वर्षांपर्यंत. डॉक्टर उंचीच्या तक्त्यावर ठिपके मांडतात, भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१५ साली काढलेला तक्ता आहे, पाच ते अठरा वयाचा, त्यात सगळ्यात खालच्या रेघेच्या बी खाली ठिपका गेला तर तपासण्या लावतात. रक्त, थायरॉइड, किडनी, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक, आणि हाताचा एक्स-रे. ह्यात थायरॉइड निघाला तर रोजच्या एका गोळीवर पोरगं परत वाढायला लागतं, म्हणून तपासणी टाळू नका. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन खरंच असतं, पण ते हार्मोन कमी असल्याचं किंवा तसंच ठरलेलं कारण तपासणीत सिद्ध झालं तरच देतात, रोज, कित्येक वर्षं, खर्च मोठा, आणि कूर्चा उघडी असंल तरच उपयोग. कोणी पहिल्याच भेटीत तपासण्या न करता ते सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

जाताना पिशवीत हे घ्या. जुन्या प्रगती पुस्तकांतले आकडे एका कागदावर, भिंतीवरच्या रेघांचा फोटो तारखेसकट, आई-बापाची मोजलेली उंची, बाप कधी वाढला आणि आईला पाळी कधी आली, जन्माचं वजन, दम्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइडची औषधं चालली असतील तर त्यांच्या चिठ्ठ्या. आणि डॉक्टरांना विनंती करा की दहा मिनिटं पोराशी एकट्याशी बोला, आम्ही बाहेर बसतो. आम्ही पहिल्या खेपेला हे केलं नव्हतं, सगळं मीच बोलले. सहा महिन्यांनी दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनीच आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. त्यानं उंचीचा एक शब्द विचारला नव्हता. त्याच्या छातीत पाच महिन्यांपासून गाठ होती आणि तो कॅन्सर आहे असं धरून तो रोज रात्री झोपत होता.